गुणाजीसाठी नऊ वेळा

रविवारी सकाळी दहा वाजता हाडांचं मोफत शिबिर लावून मी शाळेच्या व्हरांड्यात बसले होते आणि माझ्यापुढे एकही हाड आलं नव्हतं. अख्खं गाव शेजारच्या देवळाच्या पटांगणात लोटलं होतं. चारेकशे माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, पारावर चढून बसलेले म्हातारे, आणि मधोमध मांडवाखाली एक फिरती खुर्ची. खुर्चीवर बसणाऱ्याला पोहायला जाताना घालतात तसली रबरी टोपी चढवलेली. टोपीतून वीसेक रंगीत वायरी निघून एका लॅपटॉपकडे गेलेल्या, आणि लॅपटॉपमागे पांढऱ्या कोटात प्रविणजी.

पांढरा कोट मी घालते, कारण माझ्या अंगावर प्लास्टर उडतं. याच्या अंगावर काय उडतं, देव जाणे. मी त्याला ओळखत होते. दोन वर्षांपूर्वी माझ्या पेणच्या दवाखान्यात येऊन तो मला गुडघेदुखीवरचे चुंबकाचे बूट विकू पाहत होता. माझं नाव नम्रता आहे, पण त्या दिवशी मी त्याच्याशी नावाप्रमाणे वागले नव्हते.

गाव धरमतरच्या खाडीकाठचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याकडे येतात. भात आणि मीठ, यावर जगणारं गाव. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा लांबलचक बांध आहे. तो आहे म्हणून शेतं आहेत. सर्वपित्रीच्या उधाणाला या बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, आणि दाणा भरत आलेल्या भातात खारं पाणी शिरलं. खांड घाईघाईने बुजवली, पण बांध आपण होऊन फुटला की कोणी फोडला, यावरून गाव धुमसत होतं. गावकीचे अध्यक्ष बाबाजी यांनी तोडगा काढला: रोह्याजवळच्या वरसे गावातून मेंदू वाचणारा माणूस आणला.

"मित्रहो, मेंदू म्हणजे काय?" प्रविणजी माइकवरून विचारत होता. "मेंदू म्हणजे अब्जावधी पेशींचं ब्रह्मांड. ऋषिमुनींनी त्याला सहस्रार म्हटलं, परदेशी लोक त्याला सिम्युलेशन म्हणतात. भूतकाळ काय, पोलीसही सांगतात. आपलं यंत्र भविष्य सांगतं. तुमच्या मेंदूची हजारो भविष्यं ते आतल्या आत जगून बघतं आणि टक्के देतं. येत्या कोजागिरीच्या उधाणाला तुमचा हात बांधाला कुदळ लावणार की नाही, हे तुमच्याआधी यंत्राला कळतं. सत्तरच्या खाली आलं तर हिरवा दिवा. सत्तर किंवा वर, तर लाल. आणि ऐका, आम्ही अंधश्रद्धेच्या कट्टर विरोधात आहोत. इथे लिंबू आहे का? नारळ आहे का? इथे फक्त सायन्स."

टाळ्या पडल्या. पहिल्यांदा बाबाजी बसले. प्रविणने बटण दाबलं, पडद्यावर आकडे भुरुभुरु धावले आणि थांबले. तीस टक्के, हिरवा. "शुद्ध मेंदू," प्रविणने जाहीर केलं. बाबाजींनी टोपी काढून केस नीट केले. मग आणखी चार जण, चारही हिरवे.

मग गुणाजीला बोलावलं. गुणाजी म्हणजे पंचावन्न-साठीचा, काटक, तोंडाने फटकळ माणूस. गावकीने त्याला बांधाच्या राखणीवर ठेवलेलं. रोज सकाळी चिखलाची पाटी घेऊन तो बांधावरून चालायचा आणि खेकड्यांनी पाडलेली बिळं बुजवायचा. वळणावरचे दगड सुटलेत, तिथे भर घाला, असं दोन वर्षं तो गावकीच्या प्रत्येक बैठकीत ओरडत होता. खांड पडली ती नेमकी त्याच वळणावर. हे बाबाजींना किती गोड लागत असेल, ते ओळखायला यंत्र नको होतं.

गुणाजीच्या डोक्यावर टोपी चढली. चाळीस टक्के, हिरवा. "सिग्नल नीट आला नाही," प्रविण म्हणाला आणि पुन्हा दाबलं. साठ. "हा मेंदू काहीतरी लपवतोय." पुन्हा. मी चहाचा पेला घेऊन शाळेच्या कुंपणाशी उभी होते आणि हसत होते. हे कबूल केलंच पाहिजे. मला तो खेळ वाटत होता, आणि अशा खेळात कोणाचं काही जात नाही असंही वाटत होतं. मग पडद्यावर ऐंशी आलं आणि दिवा लाल झाला.

पहिला फटका शिवाने मारला. सव्विसाव्या वर्षीच घराचा कर्ता झालेला पोरगा, त्याचं सगळं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं होतं. मांडवाचाच बांबू उपसून त्याने तो गुणाजीच्या खांद्यावर घातला. गुणाजीने दुसरा फटका अडवायला उजवा हात वर केला, आणि हाडाचा आवाज मी कुंपणापलीकडून ऐकला. तो आवाज माझ्या धंद्यातला आहे, मी चुकत नाही. मग वीस-पंचवीस जण तुटून पडले. लाथा, बुक्के, चपला. त्याची बायको इंदुबाई त्याच्या अंगावर आडवी पडली, तर तिच्या पाठीवर काठ्या बसल्या. गुणाजीला पायांना धरून बांधापर्यंत फरफटत नेला आणि त्याचं तोंड चिखलात दाबलं. "हीच माती उकरनार व्हतास ना? खा आता," शिवा म्हणत होता.

मी घुसले तेव्हा कोणाचं तरी कोपर माझ्या ओठावर बसलं आणि ओठ फाटला. तोंडात रक्त घेऊन मी शिव्या दिल्या, ज्या मला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं. रक्ताळलेल्या बाईला बघून काही जण मागे सरले, तेवढ्यात इंदुबाईने आणि मी गुणाजीला माझ्या गाडीत घातलं. उजव्या हाताची दोन्ही हाडं मोडली होती, एक कातडीबाहेर आलं होतं. दोन बरगड्या गेल्या होत्या. पेणपर्यंत तो एकच वाक्य बोलत होता, "बिलं कोन बुजवील आता?"

मारहाणीची केस म्हणून मी पोलिसांना कळवलं. हवालदार आले, वही काढली. गुणाजी भिंतीकडे बघत म्हणाला, "बांधावरनं खाली परलो." ते गेल्यावर मी त्याच्यावर चिडले. तो म्हणाला, "त्याच गावात रायाचं हाय ना, बाय."

पाच दिवसांनी कोजागिरी आली. भरदुपारच्या भरतीला उधाण चढलं आणि बांध पुन्हा फुटला. पाच दिवस बांधावरून कोणी फिरलं नव्हतं, एकही बीळ बुजलं नव्हतं. उरलेलं भातही गेलं. ज्या माणसाच्या हातावर बांध टिकत होता त्याचा हात मोडून ठेवला, तर दुसरं काय होणार? पण गावाने याचा अर्थ उलटा लावला. यंत्राने कोजागिरी सांगितली होती आणि कोजागिरीलाच फुटला. ज्या गावात पोरांनासुद्धा पुनवेला आणि अमावास्येला उधाण येतं हे पाठ आहे, त्या गावाने या भविष्यापुढे हात जोडले.

आता गुणाजी तर पेणला खाटेवर. मग फोडला कोणी? इंदुबाईने. ती खाटेशेजारी बसलेली मी स्वतः पाहत होते, पण आदल्या दिवशी ती लुगडी आणायला घरी जाऊन आली होती ना, तेव्हाच उकरून ठेवलं असणार. घरावर दगड पडले, पत्रे फुटले. बाबाजींचा निरोप आला: रविवारी इंदुबाईने खुर्चीवर बसायचं. लाल आलं तर घर पाडणार आणि कुटुंबाला गावाबाहेर काढणार.

"अजिबात जायचं नाही," मी म्हटलं.

"नाय गेली तं म्हनतील, घाबरली. घर तं तिथंच हाय ना गो."

मी तिच्या पाठीवरचे वळ बघत होते, ते आता काळे-निळे पडले होते. ती सहज म्हणाली, "आनि मना पन नऊदा दाबतील. बाबाजीला येकदा. त्या चौघांना येकेकदा. माज्या मानसाला नऊदा."

"तू मोजलंस?"

"मोजायला काय लागतं? मिठागरावर जल्म गेला. पाटी टाकली का येक खडा बाजूला. हाताला सवयच हाय." ती पदराच्या गाठीवरून बोट फिरवत होती. "पयले आठदा हिरवाच व्हता."

चारशे माणसांसमोर झालं होतं हे. मीही बघत होते. "मग कोणी बोललं कसं नाही?"

"काय बोलायचं? कौल पन तसाच घेतात. देवीला फुलं लावतात, उजवं फूल नाय परलं तं देवी अजून बोलली नाय म्हनतात. परत लावतात. परेपरेंत लावतात."

या गावात फसवायला प्रविणला डोकं चालवावं लागलंच नव्हतं. हवं ते उत्तर येईपर्यंत पुन्हा विचारायचं आणि आधीची उत्तरं विसरून जायची, ही सवय गावाला पिढ्यान्पिढ्यांची. देवीच्या जागी त्याने फक्त लॅपटॉप ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी वरशाला गेले. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर त्याचं 'मेंदूदर्शन केंद्र'. फाटक्या ओठाकडे बघून तो जरा चपापला, पण धंद्याचा माणूस, लगेच सावरला. "मॅडम, त्या दिवशी पब्लिक जरा भावुक झालं. तुमच्या दवाखान्यात एक युनिट ठेवू या का?"

"आधी अनुभव घेऊ दे," मी म्हटलं आणि खुर्चीवर बसले. "मी तुमच्याविरुद्ध पोलिसात तक्रार करणार का, ते बघा."

तो हसला. बटण दाबलं. सत्तर टक्के, लाल. "नेटवर्कचा प्रॉब्लेम," म्हणत त्याने पुन्हा दाबलं. साठ. त्यावर त्याचं समाधान झालं नाही. पुन्हा दाबलं. वीस. "बघा," तो खुलून म्हणाला, "तुम्ही करणार नाही." म्हणजे गरज असेल तसं लाल येईपर्यंत दाबायचं किंवा हिरवं येईपर्यंत. तेवढ्यात मी दोन गोष्टी पाहिल्या. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'फेऱ्या: १०' असं होतं. आणि टोपीच्या वीसही वायरी एकत्र होऊन लॅपटॉपच्या ज्या भोकात गेल्या होत्या, ते गाणी ऐकायच्या इअरफोनचं भोक होतं.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. मेंदूचा अभ्यास करणारे खरे शास्त्रज्ञसुद्धा संगणकावर फासे टाकतात. मेंदूतली कोणती पेशी कधी चेतेल हे नेमकं सांगता येत नाही, म्हणून लाखो वेळा आकडे उधळून अंदाज बांधतात. ते शास्त्र आहे. पण फाशावर कोणता आकडा किती वेळा यावा ते प्रत्यक्ष मोजलेल्या गोष्टींवरून ठरवतात, आलेले सगळेच्या सगळे निकाल मांडतात, आणि आपण किती चुकू शकतो तेही लिहितात. अमक्या गावचा तमका माणूस पुनवेला काय करील, असं ते सांगत नाहीत, कारण त्यांना लाज असते. प्रविणचं यंत्र काहीही न मोजता दहा फासे टाकत होतं, छापा-काट्यासारखे. दहांत किती लाल पडले, तेवढे टक्के. म्हणून तर निकाल कायम तीस, साठ, ऐंशी. त्रेचाळीस कधी आलाच नाही. दहांत सात किंवा जास्त लाल साधारण सहा डावांत एकदा पडतात. नऊ डाव दिले तर बहुतेक कोणाच्याही नावावर पडतीलच.

रविवारी मी इंदुबाईबरोबर गेले. तक्रार आदल्या दिवशीच दिली होती. पोलीस दुपारी येणार होते. पटांगणात या वेळी बांबू मांडवाचे नव्हते, घरून आणलेले होते. शिवा पुढेच उभा होता. इंदुबाई खुर्चीवर बसली, टोपी चढली. प्रविणने बटण दाबलं. पन्नास, हिरवा.

"येक," इंदुबाई मोठ्याने म्हणाली.

"सिग्नल कमी आहे," प्रविण म्हणाला. पुन्हा. चाळीस.

"दोन."

"ताई, बोलू नका, मेंदूलहरी बिघडतात."

"तीन," ती म्हणाली, कारण त्याने बोलता बोलता पुन्हा दाबलं होतं. तीस. लोकांत चुळबुळ झाली. मी मांडवात शिरले आणि माइक हातात घेतला.

"बाबाजींना एकदा दाबलं, गुणाजीला नऊ वेळा. हिला तीन वेळा झालं, अजून चालूच आहे. जितके डाव हिला, तितके बाबाजींना द्या. मग बघू."

"डॉक्टरबाई, बाजूला व्हा," शिवा काठी आपटत म्हणाला. "मागच्या वेळी ओठ फुटला, आता डोकं फुटंल." मला भीती वाटली.

तेवढ्यात पारावरून बायजाबाई बोलली. नव्वदीची म्हातारी, गावात तिचा शब्द कोणी मोडत नाही. "बाय बरोबर बोलते. कौल लावताना दोनी बाजूंना सारखी फुलं लावतात. येका बाजूला नऊ आनि येका बाजूला येक, असा कौल मी माज्या जल्मात नाय बगितला. बस रं बाबाजी."

बाबाजी म्हणाले, "माझं एकदा झालंय," आणि मागे सरकले. ते मागे सरकलेले सगळ्यांनी पाहिले. शिवाला ते आवडलं नाही. "मी बसतो. माज्या मनात काय नाय," असं म्हणत त्याने इंदुबाईला उठवलं आणि खुर्चीवर बसून तिची टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली. लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला आणि प्रविण हात पकडायच्या आत स्वतःच बटण दाबलं. पन्नास. पुन्हा. तीस. पुन्हा. साठ. चौथ्यांदा ऐंशी आलं आणि दिवा लाल झाला.

त्यानंतर जे झालं ते मी विसरणार नाही. कोणी हसलं नाही. पुढच्या ओळीतल्या काठ्या वर झाल्या. शिवाच्या शेजारी राहणारा जितेश, गेल्या रविवारी त्याच्या खांद्याला खांदा लावून मारणारा, तोच म्हणाला, "म्हंजे हा पन सामील हाय." शिवाचा चेहरा पांढराफटक पडला. टोपी डोक्यावर, लॅपटॉप मांडीवर आणि समोर त्याचीच माणसं बांबू घेऊन. त्याने हात वर केला, अगदी गुणाजीने केला होता तसाच.

मी धावत जाऊन त्याच्या मांडीवरचा लॅपटॉप काढून घेतला, डोक्यावरची टोपी ओढली, त्याला खुर्चीवरून ढकललं आणि टोपी रिकाम्या खुर्चीवर ठेवली. "आता बघा." बटण दाबलं. चाळीस. दाबलं. पन्नास. दाबलं. सत्तर, लाल. "ही खुर्चीही बांध फोडणार. मारा हिला." मग मी वायर ओढून इअरफोनच्या भोकातून बाहेर काढली, ती हातात धरून वर केली आणि पुन्हा दाबलं. आकडे तसेच धावले. दाबत राहिले, पाचव्या डावाला पुन्हा लाल.

पटांगणाला समजलं. चारशे माणसांना एका वेळी समजतं तेव्हा ते डोळ्यांना दिसतं. मला वाटलं होतं, माना खाली जातील. तसं झालं नाही. काठ्या खाली आल्याच नाहीत, नुसत्या वळल्या. प्रविण पांढऱ्या कोटासकट खाली गेला. त्याच्या गळपट्टीचं हाड मोडल्याचा आवाजही मी ओळखला. मी ओरडत होते, पण माझं कोणी ऐकत नव्हतं. शेवटी इंदुबाई गर्दीत शिरली आणि जितेशच्या हातातला बांबू धरून उभी राहिली.

"ह्याला मारून माजा मानूस उठनार हाय काय? खांड उघरी परलीय. अमावास्येचं पानी येल तवा कोनाला मारनार? पाट्या घ्या आनि बांधावर चला."

ती खरंच पाटी उचलून चालायला लागली. आधी बायजाबाईच्या सुना तिच्यामागे निघाल्या, मग बाकीचे. पोलीस आले तेव्हा मी प्रविणचा हात गळ्यात बांधून त्याला सावलीत बसवलं होतं. फसवणुकीसाठी त्याला नेलं, मारहाणीसाठी शिवाला आणि आणखी नऊ जणांना. बाबाजींनीच आपल्याला गुणाजीचं नाव सुचवलं होतं, हे प्रविणने जबाबात सांगितलं.

गुणाजीच्या हातात मी धातूच्या पट्ट्या बसवल्या. हाड जुळलं, पण नस गेली होती. त्याची बोटं आता मिटत नाहीत. त्या हातात चिखलाचा गोळा राहत नाही. जामिनावर सुटल्यावर शिवा दवाखान्यात आला, खाटेपाशी उभा राहिला.

"काका, यंत्र खोटं व्हतं. चुकी झाली."

गुणाजीने मान त्याच्याकडे वळवली. "आनि खरं असतं तं?"

शिवाला कळलं नाही.

"यंत्रानं म्हटलं नव्हतं मी बांध फोरला. म्हटलं, फोरनार हाय. मी काय केलं नव्हतं रं शिवा. यंत्र खरं असतं, तरी तवा मी काय केलं नव्हतं. मग हात कशाला मोरलास?"

शिवा बाहेर गेला. थोड्या वेळाने जिन्यावरून त्याच्या रडण्याचा आवाज आला. मला त्याची कीव आली नाही. मी गुणाजीची बोटं एकेक करून उघडत-मिटत होते, तो व्यायाम रोज करावा लागतो.

उद्या तुमच्याही गावात कोणीतरी येईल. त्याच्याकडे टोपी असेल, फुलं असतील किंवा आणखी काही. तो टक्के सांगेल. त्याला विचारा, किती वेळा दाबलं? जे निकाल तुला नको होते ते कुठे लिहून ठेवलेस? तेवढेच डाव बाकीच्यांना दिलेस का? आणि या सगळ्याची उत्तरं बरोबर आली, तरी ज्याने अजून काही केलेलं नाही त्याला कोणत्या हक्काने शिक्षा करायची, हे स्वतःला विचारा. उत्तर मिळेपर्यंत हातातली काठी खाली ठेवा.